मॅच जमली हो!

अहो, ऐकलंत का? पलीकडच्यांच्या डॉक्टरीणबाईंची मॅच जमली! नाही हो, लग्नाचं नाही म्हणत मी, ते राहिलंच बाजूला... अमेरिकेतल्या रेसिडेन्सीची मॅच, इंटर्नल मेडिसिनची. शुक्रवारी रात्री साडेनऊला निकाल आला आणि वहिनींनी अशी काही किंकाळी फोडली, मला वाटलं साप निघाला. गंगापूर रोडला निघतात अजून. मी काठी घेऊनच कुंपणापाशी धावले, तर मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडतायत आणि भाऊजी पंख्याकडे बघत नुसते उभे. ते का उभे, ते सांगते पुढे. तीच तर खरी गंमत आहे.

परीक्षांचं तर तुम्हाला माहीतच आहे. पूर्वी पहिल्या परीक्षेचे, म्हणजे स्टेप वनचे, मार्क यायचे, तेव्हा कोपऱ्यावरच्या काकूंनी आपल्या थोरल्याचा आकडा पेढ्यांसकट कॉलनीभर वाटला होता. 26 जानेवारी 2022पासून नुसतं पास की नापास. म्हणजे आपल्या पोरीने रात्रंदिवस ते यूवर्ल्डचे सरावाचे प्रश्न घोटले आणि वहिनींना सांगायला काय, तर ‘पास झाली’. काकू म्हणाल्या, ‘हो का? नुसती पास?’ वहिनींचा चेहरा बघवेना हो. पुढे स्टेप टूला मार्क असतात, मुंबईच्या सेंटरला नऊ तासांचा पेपर, भाऊजी डबा घेऊन दिवसभर बाहेर. ते मार्क आले तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, ‘कुणाला सांगू नका हं’, पण इतक्या मोठ्याने, की काकूंनी कुकरखालचा गॅस बंद करून ऐकलं.

मला वाटलं, झालं आता. आपल्याकडे कसं, नीट पीजी दिली, रँक आली, जागा मिळाली की विषय संपला. तिकडे मार्क म्हणजे नुसता उंबरठा. खरं तर पुढेच आहे. आधी पत्रं! तिथल्या डॉक्टरांनी हिच्याबद्दल लिहायची, एका हॉस्पिटलला जास्तीत जास्त चार. त्यासाठी तिकडे जाऊन दोन महिने ऑब्झर्वरशिप केली, न्यू जर्सीला आत्याकडे राहून. आत्याने नंतर फोनवर ऐकवलं म्हणे, ‘रोज सकाळी पाच वाजता स्टेशनला सोडलंय मी तिला’. खरंच सोडलं असेल हो, पण किती वेळा सांगायचं?

तर काय सांगत होते... हां, पत्रं. तर त्या पत्रांत काय लिहिलंय ते मुलीलाही कळत नाही! ‘मी वाचणार नाही’ असं आधी लिहून द्यायचं असतं म्हणे, नाहीतर पत्राला वजन राहत नाही. डॉक्टर परस्पर वर चढवून मोकळे. वहिनींचा जीव नुसता वरखाली. ‘वर्षभराची धडपड आणि आईला एक ओळ दिसू नये?’ एका डॉक्टरांनी तर सप्टेंबर उजाडला तरी पत्र पाठवलं नव्हतं. वहिनी कालिकामातेला ओटी बोलून आल्या, आणि दुसऱ्या दिवशी पत्र चढलं! पोरगी म्हणते, मी आठवण करून देणारी तिसरी ईमेल टाकली होती. असो. ओटी भरली वहिनींनी.

आणि ते पर्सनल स्टेटमेंट! एक पानभर निबंध, मला मेडिसिनच का करायचंय म्हणून. हिने लिहिलं आजीबद्दल. आजीची शुगर, पायाची जखम, हिने शाळेत असताना वहीत रोजचे आकडे कसे मांडून ठेवले, आणि त्यातूनच हिला कळलं, की आजीची शुगर दर गुरुवारी का वाढते. गुरुवारी भजनीमंडळ असतं ना, शिऱ्याचा प्रसाद! सुरेख लिहिलं होतं, मला वाचून दाखवलं तिने ओट्यावर बसून. पण हे आजींच्या कानावर गेलं कसं कोण जाणे... (माझ्याकडे बघू नका.) आजी दोन दिवस जेवल्या नाहीत. ‘माझा शिरा अमेरिकेला कशाला कळवलास?’ म्हणून. शेवटी त्यांना सांगितलं, की तिथे नाव नाही घातलेलं, तेव्हा कुठे वरणभात घेतला.

पैशाचं तर बोलूच नका. पहिल्या 30 हॉस्पिटलांना प्रत्येकी 11 डॉलर, आणि एकतिसाव्यापासून प्रत्येकी 30. बाहेरून आलेली मुलं शंभराच्या खाली थांबतच नाहीत. शंभराचे 2,430 डॉलर होतात, आमच्या ह्यांनी लगेच मांडून दिले. दोन लाखांच्या वर हो, नुसत्या अर्जाचे! त्यातून ते सिग्नल. तीन सोन्याचे, बारा चांदीचे. सोनं-चांदी म्हटल्यावर आजींनी कान टवकारले, पण तसं काही नाही. ‘मला तुमच्याकडे मनापासून यायचंय’ हे पंधराच हॉस्पिटलांना कळवता येतं, त्यातल्या तिघांना अगदी जोर देऊन. सोन्याचे तीन कुणाला द्यायचे यावर पलीकडे असा वाद, की आमच्या टीव्हीचा आवाज मी मुद्दाम कमी केला.

मुलाखती सगळ्या घरूनच, झूमवर. कोविडपासून तसंच चाललंय. तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, नेमकी दिवेलागणीची वेळ. वहिनींनी बेलची वायर काढून ठेवली होती आणि स्वतः फाटकात स्टूल टाकून बसायच्या, कुणी कडी वाजवू नये म्हणून. दुधाच्या पिशव्या मी घ्यायचे कुंपणावरून. एकदा भाजीवाल्याने हाळी दिली मेथी मेथी करून, तर वहिनी चप्पल न घालता धावल्या त्याच्या मागे. त्याला वाटलं, बाईंना फारच निकड दिसते, त्याने चार जुड्या गळ्यात मारल्या. आम्ही तीन दिवस मेथी खाल्ली, त्यांच्यासकट.

आता ढोलाचं ऐका. अर्जात दहापर्यंत अनुभव लिहायचे असतात. हिने एक लिहिला ढोलपथकाचा. नाशिक ढोल हो, सहा वर्षं वाजवते ती, कंबरेला बांधून. भाऊजी चिडले होते. ‘तिथे डॉक्टर हवाय की वाजंत्री? खोडून टाक!’ तिने नाही खोडलं. तर मुलाखतीत एका मोठ्या डॉक्टरांनी रिसर्चचं नावसुद्धा काढलं नाही, पंधरा मिनिटं ढोलच! किती जण असतात, ताल चुकला तर कोण सांभाळतं, नवीन मुलींना कोण शिकवतं... हिने टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं म्हणे. भाऊजी दाराआड ऐकत होते. बाहेर आले ते सरळ बागेत जाऊन जास्वंदीला पाणी घालायला लागले. सकाळीच घातलं होतं.

बरं, आता खरी गोष्ट. थांबा, जरा अशा इकडे सरका, आवाज जातो पलीकडे.

मुलाखती झाल्या की हिने आपल्या पसंतीची यादी द्यायची, पहिलं हे, दुसरं ते. हॉस्पिटलंही आपली यादी देतात, आणि मग कॉम्प्युटर जुळवतो. एकदा जुळलं की नाही म्हणायची सोय नाही, दोघांनाही बंधन. मी म्हटलं, अहो हे तर स्थळंच झाली की! आमचे हे चष्मा वर करून म्हणाले, ‘तू गंमत करतेयस, पण ते खरंच तसं आहे.’ आयुष्यभर गणित शिकवलं ना, त्यांना कोण आनंद! 1962 साली गेल आणि शॅप्ले नावाच्या दोघा गणित्यांनी लिहून ठेवलंय म्हणे, मुलामुलींची लग्नं अशी कशी लावायची, की नंतर कुठलीही दोन माणसं आपापली जोडीदारं सोडून एकमेकांकडे पळून जाणार नाहीत. गणितात हो! त्यावर त्या शॅप्लेंना आणि रॉथ म्हणून दुसरे आहेत त्यांना 2012चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. रॉथनी डॉक्टरांसाठी ती रीत नव्याने बसवली, आणि 1998च्या मॅचपासून ती चालू आहे. तिच्यात पहिली मागणी उमेदवाराची. कॉम्प्युटर आधी हिच्या पहिल्या पसंतीकडे जातो. त्यांच्याकडे जागा असेल तर तात्पुरती धरतात, त्यांना जास्त आवडलेलं कुणी मागून आलं तर हिला सोडतात, मग हिच्यासाठी दुसरीकडे विचारायचं. पहिल्याने सोडलं म्हणून दुसऱ्याकडे हिची किंमत कमी होत नाही. सगळ्यांचं विचारून झालं की मगच पक्कं.

म्हणजे काय, की मनात जे पहिलं तेच कागदावर पहिलं लिहायचं. ते आपल्याला घेतील का, याचा विचारच करायचा नाही. ह्यांनी चार मुलं, चार हॉस्पिटलं मांडून भाऊजींना तीनदा दाखवलं, आमच्या जेवणाच्या टेबलावर, शेंगदाण्यांनी. भाऊजी मान डोलवायचे, शेंगदाणे खायचे, आणि घरी जाऊन तेच. ‘पहिल्याच खेपेला मोठं नाव लिहिलं आणि हुकलं तर? जे नक्की घेणार ते वर लिही!’ त्यांचं एक ठरलेलं होतं, त्या हॉस्पिटलच्या बाईंनी मुलाखतीनंतर गोड ईमेल टाकली होती म्हणून. पोरीच्या यादीत ते सातवं. न्यू जर्सीच्या आत्याने फोनवरून भाऊजींचीच बाजू घेतली, तिला ते घरापासून वीस मिनिटांवर पडत होतं ना. रविवारचं सोडायला-आणायला... जाऊ दे.

यादी मार्चच्या पहिल्या आठवड्यात बंद होते. तिथल्या रात्री नऊला, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसात. तोवर कितीदाही बदलता येते, हेच वाईट. भाऊजींकडे पासवर्ड! अर्जाचे पैसे त्यांच्या कार्डावरून गेले होते, तेव्हापासून होता. आदल्या रात्री पोरगी झोपली आणि भाऊजींनी लॅपटॉप उघडला. पहाटे पाच वाजता पोरीने सहज पाहिलं, तर सातवं एकदम पहिलं! अहो, मी दूध तापवत होते, मला पलीकडून शब्दन् शब्द ऐकू आला. पोरगी एवढंच म्हणाली, ‘बाबा, तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही.’ ओरडली नाही, काही नाही. भाऊजींच्या तोंडून शब्द नाही. वहिनी मधे पडल्या, ‘हो बाजूला’ म्हणाल्या. बत्तीस वर्षांत त्यांनी भाऊजींना अहोजाहो सोडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. साडेसातच्या आत यादी परत लावली, सर्टिफाय केली आणि पासवर्ड बदलला. नवीन कोणता ते वहिनींनाही ठाऊक नाही. मी विचारून पाहिलं.

सोमवारी नुसतं ‘जुळलं’ एवढंच कळतं, कुठे ते शुक्रवारी. चार दिवस वहिनी माळ घेऊन बसलेल्या. आणि सोमवारीच लेनच्या टोकाच्या घरात मात्र... त्यांच्या मुलाचं नाही झालं हो. बाहेरच्या देशांतल्या डॉक्टरांत 2025 साली शंभरातल्या अठ्ठावन्नांचंच झालं होतं, बाकीच्यांचं काय होत असेल याचा कुणी विचार करतं का? पास होऊन सहा वर्षं झाली त्याला, तिथे त्यालाही नाक मुरडतात. मग त्याच आठवड्यात उरलेल्या जागांसाठी धावपळ असते, सोप म्हणतात, तीही केली बिचाऱ्याने. फोनच वाजला नाही. त्याची आई भाजी घ्यायला बाहेर आली तर कोपऱ्यावरच्या काकूंनी विचारलंच, ‘मग, कुठलं गाव मिळालं?’ माहीत असून! मी मधेच त्यांना मेथीचा भाव विचारला आणि विषय तोडला.

शुक्रवारी पाकीट उघडलं, आता पाकीट कुठलं, ईमेलच, तर हिचं दुसरं! ओहायोमधलं, ढोलवाल्या डॉक्टरांचं. ह्यांनी हिशेब करून सांगितलं, यादी भाऊजींच्या मनासारखी गेली असती तर ही बहुतेक सातव्याच्याच पदरात पडली असती, पहिल्या झटक्यात. म्हणून भाऊजी पंख्याकडे बघत होते. आता कळलं?

पुढचंही आहेच. 1 जुलैच्या आत जायचं, दिल्लीहून आरोग्य मंत्रालयाचं पत्र आणायचं, जे-वन व्हिसा काढायचा. तीन वर्षं झाली, की त्या व्हिसावर दोन वर्षं परत यावं लागतं, नाहीतर डॉक्टर मिळत नाहीत अशा तिथल्या एखाद्या आडगावात तीन वर्षं काढायची. एच-वन मिळाला असता तर बरं, पण त्याला स्टेप थ्री लागते, ती अमेरिकेत जाऊनच द्यायची, आणि त्यात 2025च्या सप्टेंबरात नव्या अर्जाला एक लाख डॉलर लावले. कुठलं हॉस्पिटल भरतंय? आजींना काळजी निराळीच, ‘आडगावात स्थळ कुठून मिळणार?’

आणि हो, तुमच्या भाच्याचं यंदा आहे ना? त्याला माझा निरोप द्या. पत्रांच्या मागे जुलैपासूनच लागायचं, सप्टेंबरात डॉक्टर हाताला लागत नाहीत. छंद खरा असेल तो लिहायचा, वडील काहीही म्हणोत. यादी आपल्या मनाची लावायची. आणि अर्जाचे पैसे भरायला कार्ड वडिलांचं चालेल, पासवर्ड मात्र द्यायचा नाही.