पाऊस मागण्याची तारीख

आमच्या पूर्वजांना एकच प्रार्थना येत होती आणि तेवढ्यावर त्यांनी कोकणात शेकडो वर्षं धर्म टिकवला. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची, खवल्यांचा मासा खायचा, बिनखवल्यांचा सोडून द्यायचा आणि बारशापासून मयतीपर्यंत कुठल्याही प्रसंगी 'शेमा' म्हणायची. गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं, त्यांनी ते ऐकून घेतलं, विषय संपला. मग कधीतरी दावीद राहाबी नावाचा गृहस्थ कोकणात आला, हे तर आपलेच यहुदी म्हणून त्याने आम्हां बेने इस्राएलांना ओळखलं आणि उरलेलं सगळं शिकवायला घेतलं. तो नेमका कुठल्या शतकात आला यावर इतिहासकार भांडतात. माझं भांडण वेगळं आहे. उरलेलं किती आहे, ते त्याने आधी सांगायला हवं होतं.

उरलेलं सिद्दूरमध्ये असतं. सिद्दूर म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक. रोज तीन वेळा ते उघडायचं : सकाळी शहारीत, दुपारी मिन्हा, रात्री अरवीत. सकाळची प्रार्थना अब्राहामाने सुरू केली, दुपारची इसहाकाने आणि रात्रीची याकोबाने, असं आमच्या धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, तल्मूदात, सांगितलं आहे. म्हणजे त्या थोर मंडळींनी वाटून घेतली होती. तिन्ही एकट्याने करायची पाळी आमच्यावर आली.

नोकरीत होतो तोवर शनिवारचा शब्बाथ आणि सणवार यांवर माझं भागत होतं. निवृत्तीनंतर बायकोने दोन पर्याय ठेवले, भाजी निवडणं किंवा काहीतरी शिकणं. मी ठाण्यातल्या आमच्या एका वयोवृद्ध हज्जानांकडे, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांकडे, जाऊ लागलो. त्यांना सगळे अंकल म्हणतात, मीही म्हणतो. अंकल कधी रागवत नाहीत. चुकलं की नुसता घसा खाकरतात. पहिल्या महिन्यात त्यांच्या घरच्यांनी त्यांना खोकल्याचं औषध आणून दिलं.

पुस्तक माझ्या आजोबांचं होतं. एका पानावर हिब्रू, समोरच्या पानावर मराठी. ही सोय करणाऱ्या मंडळींत योसेफ यहेझ्केल राजपूरकरांचं नाव मोठं. एकोणिसाव्या शतकात त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या नसत्या, तर माझ्या पणजोबांनी 'आमेन' कशाला म्हटलं हे त्यांना स्वतःलाच कळलं नसतं. अडचण एवढीच की हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते आणि मराठी डावीकडून उजवीकडे. दोन्ही डोळे दोन भाषांवर ठेवले की ते पुस्तकाच्या शिवणीवर एकमेकांना भेटतात आणि तिथेच थांबतात. अंकल खाकरतात.

सिद्दूरची सकाळ अंथरुणातच सुरू होते. डोळे उघडले की जीव परत मिळाल्याबद्दल आभार. मग हात धुणं. मग कोंबड्याला दिवस आणि रात्र यांतला फरक कळतो, त्याबद्दल देवाची स्तुती. आमच्या सोसायटीत कोंबडा फक्त रविवारी येतो, तोही पिशवीतून. तेव्हा ही स्तुती मी समोरच्या फ्लॅटमधल्या कुकरला उद्देशून म्हणतो. तो बरोबर सहाला पहिली शिट्टी देतो.

या सगळ्यात मला मनापासून पटलेला आशीर्वाद म्हणजे संडासातून बाहेर आल्यावर, हात धुऊन म्हणायचा. शरीरातल्या नळ्या आणि छिद्रं आपापली कामं करतात, जे उघडं हवं ते उघडं आणि जे मिटलेलं हवं ते मिटलेलं आहे, त्याबद्दलचे आभार. तल्मूदात तो अबाये नावाच्या गुरूंच्या नावावर आहे. तरुणपणी या आशीर्वादाला मित्र हसायचे. आता त्यांतल्या निम्म्यांना प्रोस्टेटच्या गोळ्या चालू आहेत आणि हिब्रू न येणारेसुद्धा बाहेर आले की छताकडे बघून काहीतरी पुटपुटतात.

मग तेफिलीन. चामड्याच्या दोन काळ्या पेट्या. आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेले तोराचे, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथाचे, उतारे. एक पेटी डाव्या दंडावर, हृदयाच्या बाजूला झुकलेली, दुसरी कपाळाच्या वर केसांच्या रेषेपाशी. दंडाच्या पेटीचा पट्टा कोपराखाली सात वेढे घेत मनगटापर्यंत आणायचा आणि शेवट मधल्या बोटावर करायचा. हातावरची पेटी बांधल्यापासून डोक्यावरची ठेवेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. नेमका त्याच वेळी शेजारचा पाच वर्षांचा मुलगा पेपर द्यायला आला आणि दारात थबकला. "आजोबा, तुमचा बीपी वाढला?" मी बोलू शकत नव्हतो. हाताने नाही म्हटलं, तर तो घरी जाऊन सांगून आला की आजोबांची वाचा गेली. दोन मिनिटांत त्याची आई, वॉचमन आणि तळमजल्यावरचे होमिओपॅथ दारात हजर. शब्बाथला आणि सणाला तेफिलीन बांधायचे नसतात. सोसायटीला तेवढीच विश्रांती.

सकाळची शेमा दिवसाचा पहिला चतुर्थांश संपायच्या आत म्हणावी लागते. पण इथला तास घड्याळाचा नाही. दिवसाच्या उजेडाचे बारा भाग करायचे, एक भाग म्हणजे एक तास. मुंबई-ठाण्याकडे जूनमध्ये हा तास सुमारे सहासष्ट मिनिटांचा पडतो आणि डिसेंबरात पंचावन्नचा. मी हे मोठ्या उत्साहाने बायकोला समजावून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "मग पेन्शन कुठल्या तासाने मोजतात?"

या सगळ्याचा कळस म्हणजे अमिदा. पाय जुळवून, यरुशलेमकडे तोंड करून, उभ्यानेच म्हणायची. मुळात आशीर्वाद अठरा, पुढे एकोणीस झाले. सुरुवातीला तीन पावलं पुढे यायचं आणि संपल्यावर तीन पावलं मागे जायचं, राजाच्या दरबारातून निघावं तसं. आमच्या हॉलमध्ये दरबार भरवायचा तर मागच्या तीन पावलांतलं तिसरं फ्रिजमध्ये पडतं. आवाज आपल्याच कानाला ऐकू येईल एवढाच, ओठ मात्र हलायला हवेत. आणि मध्ये बोलायचं नाही. मिश्ना, म्हणजे तल्मूदाचा मूळ भाग, सांगते की राजाने नमस्कार केला तरी उत्तर द्यायचं नाही आणि पायाला सापाने वेढा घातला तरी थांबायचं नाही. राजा आणि साप, दोघांचाही विचार त्या विद्वानांनी केला. गॅस सिलिंडरवाल्याचा केला नाही. तो खालून ओरडतो, "ओटीपी सांगा!" मी नवव्या आशीर्वादात असतो. ओटीपी माझ्या फोनवर येतो, फोन माझ्या खिशात असतो आणि बायको माझ्या समोर उभी असते.

"साप चढला तरी हलायचं नाही ना?" ती म्हणते. "नका हलू." आणि खिशात हात घालून फोन काढून घेते. मिश्नेत यावर मनाई सापडलेली नाही.

एवढं घरी केल्यावर अंकल म्हणाले, "आता मशिदीत यायला लाग. एकट्याचं निम्मंच होतं." आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात. मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मांडवीला बांधलं, शाअर हाराहामीम, आणि मशीद बंदर हे नाव त्याच मशिदीवरून पडलं असं आमचे लोक छातीठोकपणे सांगतात. निम्मंच होतं म्हणजे काय, तर काद्दिश आणि केदुशा या प्रार्थना आणि तोराचं वाचन ह्या गोष्टी दहा माणसं असल्याशिवाय होत नाहीत. दहा जणांचं मिनियान. तेरा वर्षांच्या पुढचे पुरुष, एवढीच अट. त्यात विद्वान असावा, सज्जन असावा असं कुठेही म्हटलेलं नाही. आयुष्यात प्रथमच मी एखाद्या ठिकाणी पूर्ण पात्र ठरलो.

भारतात आम्ही एके काळी वीस हजारांच्या घरात होतो. इस्राएल झाल्यावर बहुतेकजण तिकडे गेले, आता चार-पाच हजार उरलो असू. त्यांतले सकाळी सातला अंघोळ करून तयार असलेले दहा शोधणं हा एक स्वतंत्र धर्म आहे. साडेसहापासून फोन सुरू होतात. "निघालास का?" "निघालोच" असं उत्तर आलं, तर माणूस अजून पांघरुणात आहे. "पोहोचतोय" म्हणाला, तर चहा घेतोय. फोन उचललाच नाही, तर तो खरंच रस्त्यात आहे. त्यातून सोमवार आणि गुरुवार म्हणजे तोरा वाचायचे दिवस. जुन्या काळी ते बाजाराचे वार होते, लोक गावात आपोआप यायचे. आता बाजार रोज मोबाइलवर भरतो आणि गावात कुणी येत नाही.

माणसं थेट एक, दोन, तीन अशी मोजायची नाहीत, असा आमच्यात संकेत आहे. म्हणून दहा शब्दांचं एक वचन म्हणतात, माणसामागे एक शब्द. त्या वचनाचे पहिले नऊ शब्द मला झोपेतही म्हणता येतात. दहावा मी फार क्वचित ऐकला. नववा शब्द झाला की सगळे दाराकडे बघत बसतात. एकदा दारात नवरदेव उभा राहिला, लग्नानंतर सात दिवस झाले नव्हते. नवरदेव हजर असला की क्षमायाचनेचा एक लांबलचक भाग गाळतात. त्याला मिठ्या मारल्या गेल्या, त्या दहावा म्हणून की भाग गळला म्हणून, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

बायको म्हणते, "मला मिनियानात धरत नाहीत, पण चहा मात्र मी मोजून दहा कप पाठवते. नऊच जण असले तर दहावा कोण पितो?" दहावा अंकल पितात. खाकरून घसा सुकतो.

आता पावसाचं. नवव्या आशीर्वादात वर्षभराच्या पिकापाण्याचं मागणं असतं आणि आमच्या पद्धतीत त्याचे दोन पाठ आहेत, उन्हाळी आणि हिवाळी. हिवाळी पाठात पाऊस मागायचा. इस्राएलमध्ये तो हेश्वान महिन्याच्या सातव्या दिवसापासून मागतात. बाहेरच्यांसाठी प्राचीन बाबेलच्या शेतीचं गणित धरलं गेलं, जुन्या हिशेबाच्या शरद-संपातापासून साठावा दिवस. तो हल्ली ४ डिसेंबरच्या, क्वचित ५ डिसेंबरच्या संध्याकाळी येतो. सगळा धर्म चंद्रावर चालतो आणि हे कलम मात्र इंग्रजी तारखेवर. विसरलात, पुढे सोळाव्या आशीर्वादातही सावरून घेतलं नाहीत आणि अमिदा संपल्यावर आठवलं, तर पूर्ण अमिदा पहिल्यापासून. हे पेसाहच्या सणापर्यंत चालतं.

म्हणजे माझी परिस्थिती बघा. जुलैत रुळांवर पाणी, स्टेशनवर गुडघाभर, पॅन्ट वर खोचून मी मशिदीत पोहोचतो आणि पुस्तकात पावसाचं मागणं नाही. डिसेंबरात आकाश निरभ्र, बायकोने पापड वाळत घातलेले, आणि मी रोज तीन वेळा बाबेलच्या शेतकऱ्यांसाठी आभाळ फाडायला सांगतोय. मी अंकलना म्हटलं, "ह्यात आपलं काय?"

"तुझ्या आधी निनवेच्या लोकांनी हेच विचारलं होतं," अंकल म्हणाले. खरंच, तल्मूदात नोंद आहे. निनवेच्या लोकांना ऐन उन्हाळ्यात पाऊस लागायचा. त्यांना उत्तर मिळालं की तुम्ही व्यक्तींच्या हिशेबात धरले जाता, तेव्हा तुमचं मागणं सोळाव्या आशीर्वादात करा. तिथे खाजगी अर्जाला जागा आहे. नववा आशीर्वाद मात्र सगळ्यांचा.

तेव्हा मला ह्या पुस्तकाचा स्वभाव कळला. दिवसभर 'आम्हाला दे, आम्हाला बरं कर, आमचं ऐक', 'मला' फार क्वचित. आजार दुसऱ्याचा, पाऊस तिसऱ्याचा, मयतासाठीचं काद्दिश कुणाच्या तरी वडिलांचं, आणि त्यासाठी पहाटे उठायचं मी. बायकोला सोळाव्याचं कलम कळताच तिने जूनमध्ये चिठ्ठी लिहून दिली : पाऊस धरणक्षेत्रात पडावा, रुळांवर नको, आणि कपडे आत घेतल्यावर.

पण डिसेंबरचा तिढा सुटेना, कारण माझा मामेभाऊ अलिबागकडे राहतो आणि त्याची हापूसची वाडी आहे. आम्ही पाऊस मागायला लागतो त्याच सुमारास त्याची कलमं मोहरायला लागतात. अवकाळी एक सर आली की मोहर काळा पडतो, खाली वाल कुजतो, पांढऱ्या कांद्याची वाट लागते. जानेवारीत ढग आले आणि त्याचा फोन आला.

"कोण मागतंय रे?"

"मी," मी म्हटलं. "पण बाबेलसाठी."

"पत्ता नीट घालत जा. सगळा इकडे येतोय."

"तू नाही का मागत? तुझ्याकडेही सिद्दूर आहे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. "नवव्यात मागतो," तो म्हणाला, "आणि सोळाव्यात परत घेतो."

हे चालतं का, म्हणून मी अंकलना विचारलं. अंकल इतका वेळ खाकरले की मला प्रश्न मागे घ्यावासा वाटला. शेवटी म्हणाले, "निनवेच्या लोकांना हे सुचलं नव्हतं."

मोहर थोडा गळला, थोडा राहिला. पेसाह आटोपला, पाऊस मागणं बंद झालं आणि मे महिन्यात भावाने एक पेटी ठाण्याला पाठवली, थेट मशिदीच्या पत्त्यावर. हंगामाचं पहिलं फळ, म्हणून आधी फळाचा आशीर्वाद आणि वर शेहेहियानू, हा दिवस दाखवल्याबद्दलचे आभार. त्या संध्याकाळी मिन्ह्यासाठी कुणाला फोन करावा लागला नाही. दहावा शब्द झाला तरी दारातून माणसं येतच होती. अंकलनी सगळ्यांच्या वतीने शेहेहियानू एका श्वासात, अजिबात न खाकरता म्हटला, पहिली फोड तोंडात टाकली आणि पेटीत किती उरले ते बघत माझ्याकडे वळले.

"पुढच्या डिसेंबरात," ते म्हणाले, "जरा बेताने माग."