किनारा उरकला

देशाचा समुद्रकिनारा वाढला, ही बातमी आपल्याकडे म्हणावी तितकी गाजली नाही. शाळेत आपण ७,५१६ किलोमीटर पाठ केले होते. सरकारने नव्याने मोजले तेव्हा ते ११,०९८ भरले. समुद्र तोच, जमीनही तीच. जुन्या ढोबळ मोजणीत खाड्यांची वळणं आणि भूशिरांचे कंगोरे हिशेबातून सुटले होते, ते आता धरले गेले. सातबाऱ्यावर अर्धा गुंठा वाढवायचा तर कोकणी माणसाच्या तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. दिल्लीने बसल्या जागी साडेतीन हजार किलोमीटर वाढवले. अभिनंदनच आहे. पंचाईत एवढीच की किनारा वाढला तरी शनिवार-रविवार मिळून दिवस दोनच राहिले. म्हणजे पुण्या-मुंबईच्या पर्यटकाला यापुढे किनारा आणखी वेगाने उरकावा लागणार.

आणि तो उरकतो, हे मान्य केलं पाहिजे. शुक्रवारी रात्री निघायचं. शनिवारी दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. रविवारी वेळास, केळशी, आंजर्ले, वर चढून कड्यावरचा गणपती, खाली उतरून मुरूड. सोमवारी सकाळी ऑफिसच्या यंत्रावर अंगठा. अंगठ्याला थोडी वाळू. मुंबईकराच्या वाट्याला यात महामार्गही येतो. मुंबई-गोवा रस्त्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा मागच्या सीटवर बाटलीने दूध पिणारं बाळ आता पुढच्या सीटवर बसून बाबांना मॅप वाचून दाखवतं. रस्ता अजून ‘पुढच्या गणपतीपर्यंत’ पूर्ण होणार आहे. कुठल्या गणपतीपर्यंत, हे विचारणं भक्तिभावाला धरून नाही.

मॅप वाचणाऱ्या त्या मुलाला मुरूड दोन आहेत हे कोणी सांगितलेलं नसतं. एक रायगडातलं, जंजिऱ्याशेजारचं. दुसरं दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. खोली एका मुरुडात आणि किल्ला दुसऱ्या मुरुडात, अशी सहल दर मोसमात निघतेच. मग ‘इथून जंजिरा दिसतो ना?’ असा प्रश्न घरमालकाला येतो. घरमालक कोकणी असल्यामुळे तो नाही म्हणत नाही. ‘हवा स्वच्छ असली की बघायचं,’ म्हणतो.

मध्ये खाड्या आहेत ही आणखी एक अडचण. हरिहरेश्वरकडून पलीकडचा बाणकोट समोर दिसतो, पण जमिनीवरून जायचं तर वळसा एवढा की चहा निवतो आणि संसारही. म्हणून बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवायची आणि वेसवीला उतरवायची. तेवढी पंधरा मिनिटं पर्यटकाला नाइलाजाने पाण्याकडे बघावं लागतं. या खाड्यांवर पूल बांधून रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग न्यायचा, हे स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनचं. अंतुले मुख्यमंत्री होते ते १९८० ते ८२. पूल झाले की ती पंधरा मिनिटंही वाचतील, आणि रविवारात आणखी एक बीच बसेल.

राहण्याची जागा ‘सी फेसिंग’ हवी, यावर मात्र तडजोड नाही. कोकणातल्या जुन्या माणसांना हे सुचलं नव्हतं. त्यांनी घराचं तोंड रस्त्याकडे केलं, मागे नारळी-पोफळीची वाडी लावली, वाडीमागे केवडा माजू दिला आणि त्याच्याही पलीकडे समुद्राला जागा ठेवली. किनारपट्टी नियमनाची अधिसूचना १९९१ ची. ही मंडळी त्याआधी कित्येक पिढ्या ती पाळत होती. खारा वारा थेट छपरावर घेऊ नये एवढी साधी अक्कल. आता त्यांच्या नातवाने केवडा तोडला, पुढची चार झाडं काढली, आणि पाहुण्याला खिडकीतून समुद्र दिसू लागला. समुद्रालाही खिडकी दिसू लागली. दोन पावसाळ्यांत तो भेटायला आला. मग निवेदन, मग आमदार, मग धूपप्रतिबंधक बंधारा, म्हणजे काळ्या दगडांची छाताडाएवढी रांग. खोलीतून आता बंधारा दिसतो. भाडं तेच आहे.

जेवणाबद्दल फार बोलायला नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोराला ठाऊक. याच दिवसांत पावसाळी कोकण बघायला आलेला पाहुणा ‘सुरमई ताजी आहे ना?’ असं विचारतो, आणि खानावळवाला बर्फाच्या पेटीकडे पाठ करून ‘आत्ताची’ म्हणतो. दोघांचंही समाधान होतं. तसंच वेळासच्या कासवांचं. ऑलिव्ह रिडलेची मादी वाळूत शंभरेक अंडी घालून निघून जाते; पन्नासेक दिवसांनी पिल्लं आपल्या सवडीने वर येतात. इकडे पहाटे घरट्यावरची टोपली उचलावी आणि खाली नुसती वाळू निघावी, की ‘आम्ही मुद्दाम पुण्याहून आलो होतो’ हे वाक्य ऐकू येतं. ते कासवाला उद्देशून असतं.

पण किनारा उरकण्याच्या या कलेचा कळस म्हणजे गाडी पुळणीवर नेणं. चारचाकी घेतली कशाला, तर जाहिरातीत ती लाटांच्या कडेने पाणी उडवत जाते म्हणून. डोंबिवलीत ती हौस भागत नाही. त्यामुळे हर्णै, मुरूड, गुहागर, जिथे वाळूत उतरायला फट सापडेल तिथे गाडी आत जाते. समजा, कोजागिरी शनिवारी आली. पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी अशी लागते की समुद्र पार लांब गेलेला, आणि मध्ये ओल्या, घट्ट, डांबरासारख्या पुळणीचं मैदान. एवढं मोठं फुकट पार्किंग माणसाने जन्मात पाहिलेलं नसतं. चार गाड्या गोल लागतात, डिक्क्या उघडतात, मसाला दुधासाठी आणलेल्या पेल्यांत दूध सोडून बाकी सगळं ओतलं जातं.

वाडीच्या गडग्याशी उभ्या असलेल्या आजी सांगून बघतात, ‘गाड्या वर घ्या हो, रात्री पाणी येईल.’

‘फोर बाय फोर आहे, आजी.’

आजींच्या चेहऱ्यावर चार चोक सोळापलीकडे काही उमटत नाही. त्यांना पाढा येतो तो पाऊणकीचा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. घड्याळाशी थोडं मागेपुढे, पण होडी लोटायला पुरतं. गाड्यांभोवती बसलेल्यांत दोन अभियंते, एक सनदी लेखापाल आणि उपग्रहाशी जोडलेले आठ फोन असतात. पाऊणकी मात्र कोणाच्याच अभ्यासक्रमात नव्हती.

साडेदहाला चपला तरंगतात. ‘अरे मस्त!’ म्हणून त्याचा व्हिडिओ निघतो. पावणेअकराला गाडी सुरू होते, चाक जागच्या जागी फिरतं आणि वाळू उकरून स्वतःसाठी व्यवस्थित खड्डा करतं. फोर बाय फोर असल्यामुळे खड्डे चार होतात. त्यानंतर आठ फोनवरून एकच शोध सुरू होतो: जवळचा ट्रॅक्टर.

ट्रॅक्टरवाला लगेच येत नाही. तो झोपलेला नसतो. संध्याकाळीच डिझेल भरून, दोर तपासून, जेवून बसलेला असतो. आला की आधी तो गाडी बघतो, मग लाट बघतो, मग आकडा सांगतो. लेखापाल घासाघीस सुरू करतात. जन्मात पहिल्यांदाच असं होतं की घासाघीस चालू असताना भाव वर चढतो, कारण प्रत्येक लाटेबरोबर समुद्र ट्रॅक्टरवाल्याच्या बाजूने बोलत असतो. पाणी दरवाजाच्या कडीला लागलं की सौदा ठरतो. मग दोर बांधला जातो, ‘हैय्या’ होतं, आणि चाळीस लाखांची गाडी सुरूच्या झाडांपर्यंत फरफटत येते. बोनेटवर शेवाळ, आत गुडघाभर पाणी, त्यात चिवड्याची पिशवी. ‘तुम्ही आधी का नाही सांगितलं?’ असं एकजण आजींना विचारतो.

मध्यरात्र उलटून ट्रॅक्टरवाला घरी आला. नोटा ओल्या होत्या, त्या त्याने ओटीवर एकेक पसरल्या, वर पाट ठेवला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाचं पान उलटून पुढची पौर्णिमा बघितली. ती सोमवारी पडत होती. तो जरा हिरमुसला. तेवढ्यात बायको आतून म्हणाली, ‘नीट बघा. गुरुनानक जयंती आहे, तारीख लाल आहे.’