चतुःसीमा

सुट्टीत मुलाबाळांसह आलेल्या पाहुण्यास विश्रांती म्हणून मिळू द्यायची नाही, असा विडा उचललेला एक गृहस्थ जिल्ह्याच्या प्रत्येक गावी असतोच; बुलढाण्यात तो मान आमच्या शेजारच्या सेवानिवृत्त नाझरसाहेबांकडे आहे. पाहुणा कोणाचाही असो, मलकापूर स्थानकावर उतरून, राजूर घाट चढून तो चहाचा पेला तोंडाला लावतो न लावतो, तोच काखेत लाल बासनातले दप्तर मारून नाझरसाहेब दारात हजर: "उद्या लोणार. पहाटे सहाला. पोरांना टोप्या."

पाहिलेल्या स्थळाचा पंचनामा झाल्याखेरीज ते पाहिले असे शाबीत होत नाही, आणि पंचनामा म्हटला की चतुःसीमा आलीच, अशी त्यांची धारणा. सिंदखेडराजास, जेथे १५९८ मध्ये जिजाऊसाहेबांचा जन्म झाला त्या लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यापुढे, भारावून जाण्याच्या बेतात असलेल्या आमच्या मेहुण्यास त्यांनी "पूर्वेस काय दिसते ते मोठ्याने सांगा" असे फर्मावले. नांदुऱ्यास १०५ फुटी हनुमंतापुढे पोरे माना वर करून उभी, तर यांची नजर चौथऱ्याच्या चार दिशांवर. शेगावात कचोरीसुद्धा, उत्तरेस तळलेली मिरची, दक्षिणेस चटणी, अशी नोंद होईपर्यंत खाता आली नाही. तोवर ती निवाली.

लोणारास मात्र साक्षात भूगोलच फितूर झाला. उल्कापाताने बेसाल्टात पडलेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे ते विवर जवळजवळ वाटोळे. पूर्वेस कडा, पश्चिमेस कडा, दक्षिणेस कडा आणि उत्तरेसही कडाच. खाली खारे पाणी हिरवट चमकत होते, दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर अद्याप पाहायचे राहिले होते, आणि नाझरसाहेब लेखणी उगारून निश्चल उभे होते. अखेरीस त्यांनी पाचवी सीमा निर्माण केली: "वर, आकाश. अतिक्रमण याच बाजूने झाले."

त्यांच्या या कागदी क्षुधेचा मला मनस्वी तिटकारा होता, आणि तो पुष्कळसा अद्यापही आहे. परंतु सही करताना एकदा ते दप्तर माझ्या हाती राहिले. प्रत्येक पंचनाम्यात 'हजर' या सदरी आमच्या पोरांची नावे, वये, 'वाटेत उलटी, नंतर पेरू खाल्ला' येथवर तपशील. आणि खाली 'गैरहजर' या सदरी दर खेपेस तीच चार नावे, मुलगा, सून, दोन नातवंडे, मुक्काम अमेरिका, कारण: 'रजा मंजूर नाही.' मी वाचले हे त्यांच्या ध्यानी आले असावे, कारण दप्तर बांधता बांधता ते म्हणाले, "तिकडे वाढलेली पोरं. कधी आलीच, अन् तोवर मी नसलो, तर जागा सापडल्या पाहिजेत."

तेव्हा बुलढाण्यास सहकुटुंब येणाऱ्यांना एवढीच विनंती, की कचोरी नाझरसाहेबांची नजर चुकवून आधी खाऊन घ्यावी. सही मात्र नाकारू नये.