पांढरा तारा खरवडून बघा

बॉनेटवर पांढरा तारा रंगवला की जीपचा भाव चढतो. रंगाला लागतात काही शे रुपये, भाव चढतो लाखांत. गिऱ्हाईक ताऱ्याकडे बघतं, विकणारा गिऱ्हाइकाकडे बघतो आणि सौदा उरकतो.

हा तारा दुसऱ्या महायुद्धातला. दोस्तांच्या गाड्या दुरून आणि विमानातून ओळखता याव्यात म्हणून काढला जायचा. आपल्याकडे तो ज्यांच्यावर दिसतो त्यातल्या कितीतरी जीपा महायुद्ध संपून गेल्यावर मुंबईत बनल्या आहेत. त्यांनी नॉर्मंडी पाहिलेली नाही, इंफाळही नाही. त्यांना उसना इतिहास चिकटवणं हा त्या गाड्यांचा अपमान आहे आणि त्या उसन्या इतिहासाचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेणं ही सरळ फसवणूक आहे.

लष्करी गाडी हौसेने घेणाऱ्यांबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. पगारदार माणसाने पै-पै साठवून जुनी जीप दारात आणावी, मुलांना घेऊन गॅस्केट बदलावं, यासारखी चांगली हौस नाही. म्हणूनच हा राग. पैसे मोजके असतील तर रंगाला, ताऱ्याला आणि विकणाऱ्याच्या गोष्टीला एक रुपयाही देऊ नका. पैसे चासीला द्या आणि कागदाला द्या.

‘१९४२ची विलीज’ म्हणून दाखवलेली गाडी तपासायला फार मोठा जाणकार लागत नाही. विलीज एमबी १९४१ ते १९४५ या काळात बनली. तीच गाडी फोर्डने जीपीडब्ल्यू या नावाने बनवली आणि दोघांची मिळून संख्या सहा लाखांवर गेली. कारखान्यातून बाहेर पडली ती डाव्या स्टिअरिंगचीच. युद्धाच्या बहुतेक काळात समोरच्या पत्र्याला नऊ उभ्या खाचा होत्या, युद्धानंतरच्या नागरी जीपला सात. मग बंपरच्या मागे वाकून बघा. चासीच्या दोन पट्ट्या जोडणारी आडवी दांडी विलीजमध्ये गोल नळीची असते, फोर्डमध्ये उलट्या पन्हळीसारखी. फोर्डवाले इतके काटेकोर होते की बोल्टच्या माथ्यावरसुद्धा आपलं एफ अक्षर उठवायचे. फोर्डचा क्रमांक डाव्या चासीपट्टीवरच ठोकलेला असतो. विलीजचा क्रमांक मात्र वेगळ्या पत्र्याच्या पट्टीवर, रिव्हेट मारून बसवलेला. रिव्हेट काढून ती पट्टी दुसऱ्या चासीवर मारणं कुठल्याही गॅरेजातल्या पोऱ्याला जमतं. तेव्हा नुसती पट्टी दाखवून कुणी विलीज म्हणत असेल तर मान हलवू नका.

या सगळ्यातून पार पडणारी गाडी सापडलीच, तर तिचा भाव तुमच्या-माझ्या आवाक्यात बसणार नाही. आणि त्याची खंतही नको, कारण आपल्याकडे आपली जीप आहे. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी आली. तिच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर गेले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८मध्ये थांबलं, महिंद्राने ते पुढेही वर्षानुवर्षं बनवलं. ते उंच नाक लपवता येत नाही आणि लपवूही नये. आपल्या सैन्याच्या जीपला उसन्या शौर्याची गरज काय? सप्टेंबर १९६५मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे फोडले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. रणगाड्यासमोर पत्र्याची उघडी जीप घेऊन उभं राहायला काय लागतं याचा विचार करा, आणि मग सांगा बॉनेटवर नॉर्मंडीचा तारा कशाला हवा.

आता चासी. साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार माझ्या ओळखीचे आहेत, ईएमईत, म्हणजे सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात नोकरी झालेले. त्यांना जीप बघताना पाहावं. विकणारा कव्हर काढून रंग दाखवत असतो, तेव्हा हे गोणपाट अंथरून गाडीखाली सरकलेले असतात.

“साहेब, रंगाचं मागाहून. पहिलं खाली या,” ते गिऱ्हाइकाला म्हणतात.

हातात बॅटरी, एक बुटका स्क्रू ड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चासीवर ठोकत जायचं. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं थपथप वाजतं. आवाज बदलला तिथे टोक दाबायचं. आत गेलं की बोलणं संपलं. मग चुंबक पत्र्यावरून फिरवायचं. पुट्टीचा थर जाड असेल तिथे ते धरत नाही, घसरतं. चालकाच्या पायाखालची जागा, मागच्या चाकांवरचे कोपरे आणि तळाखालच्या आडव्या पट्ट्या, इथे मुक्काम जास्त. युद्धकाळातल्या विलीजच्या या पोकळ पट्ट्यांत लाकूड ठासलेलं असायचं. ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून खात जातं. बाहेरून रंग चकचकीत असतो.

त्यानंतर पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं, खेळ किती आहे ते कळतं. इंजिन ऑइलची पट्टी काढून बघायची. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरतंय. पाटे किती तुटलेत, ट्रान्सफर केसखाली तेल ठिबकतंय का, हेही बघायचं. मग इंजिन थंड असतानाच चालू करायला लावायचं. आपण पोहोचायच्या आधीच विकणाऱ्याने ते गरम करून ठेवलं असेल तर ते का, हे विचारायचं. शेवटी चारही चाकांचा लो गिअर टाकून चिखलात चालवायची.

एका विकणाऱ्याने त्यांना विचारलं, “काका, फोर बाय फोर कशाला लावताय? त्याची गरज कुणाला पडते?”

“पडते तेव्हा लागत नसला की कळतं,” हवालदार म्हणाले आणि लिव्हर ओढला. लागला नाही.

अशा माणसाला दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च द्या, आदराने द्या. सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात सैन्यातून गाड्यांचं काम शिकून आलेले लोक गावोगाव आहेत. त्यांच्या एका दिवसाचे पैसे वाचवणारं गिऱ्हाईक पुढे वेल्डरला त्याच्या कित्येक पट देतं.

कागद त्याहून महत्त्वाचा. सैन्याच्या गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या ६०व्या कलमाखाली वेगळी होते. तिच्या पाटीवर वर तोंड केलेला बाण असतो आणि पुढे वर्षाचे आकडे. ती सरकारच्या हातून सुटली की तुमच्या-आमच्या गाडीसारखी आरटीओत नोंदवावीच लागते. त्यासाठी विक्रीचा मूळ कागद हवा आणि त्यावरचे चासी-इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी अक्षर न् अक्षर जुळायला हवेत. “पेपर करून देतो, काळजी नको” हे वाक्य ऐकलं की उठा. मेलेल्या जीपचं आरसी बुक जिवंत जीपला लावणं हा गुन्हा आहे आणि तो गळ्यात पडतो शेवटच्या मालकाच्या.

सैन्याच्या बाद गाड्यांचे ई-लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत होतात. मला हा मार्ग आवडतो, कारण इथे गोष्ट सांगायला कुणी नसतं. गाडी जशी आहे तशी, जिथे आहे तिथून उचलायची. बोलीआधी अनामत, वर कर, वर क्रेन आणि ट्रकभाडं. पाहणीच्या दिवशी स्वतः जा, फोटोवर बोली लावू नका. आणि लॉटच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. गाडी वाहन म्हणून विकतायत की भंगार म्हणून, हे तिथे लिहिलेलं असतं. भंगार म्हणून घेतलेली गाडी रस्त्यावर आणायची स्वप्नं बघू नका. सुट्या भागांसाठी घ्यायची तर जरूर घ्या.

हरियाणातल्या मंडी डबवालीत हवी तशी जीप बांधून मिळते. तिथल्या कारागिरांच्या हाताला मी नमस्कार करीन. पण ती नवी बांधलेली जीप आहे. जुनी लष्करी गाडी म्हणून तिचे पैसे मोजायचे नाहीत. शिवाय वाहनात केलेल्या बदलांबाबत मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम कडक आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. पेट्रोल काढून डिझेल इंजिन टाकलेल्या जीपचा विकणारा “अ‍ॅव्हरेज बघा” म्हणतो. तुम्ही आरसीवर त्या इंजिनाची नोंद बघा. नसेल तर अपघाताच्या दिवशी विमा कंपनी तेच बघणार आहे.

रंगाची एक गोष्ट उरली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१वा नियम म्हणतो की संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे ज्या रंगासाठी लोक वेडे होतात, ज्याचे विकणारा जादा पैसे लावतो, तो रंग दारात आणल्या दिवसापासून बेकायदा. हा नियम मला योग्य वाटतो. त्या रंगाच्या गाडीला नाक्यावर वाट मिळते, लोक विश्वास ठेवतात. तो विश्वास सैन्याने कमावलेला आहे. बंपरवर पलटणीची चिन्हं काढणाऱ्यांना तर मी सांगेन, त्या पलटणीत तुमचा कोण होता ते आधी सांगा. राखाडी, खाकीकडे झुकणारा पिवळा, साधा निळा, कुठल्याही रंगात जीप देखणीच दिसते.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. क्रमांकात व्हीए अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. ऐकायला झकास. पण मग ती रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायलाच बाहेर काढता येते. दर रविवारी सिंहगडाकडे जायचं असेल तर हा क्रमांक तुमच्यासाठी नाही. साधी नोंदणी ठेवा, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी होणाऱ्या तपासणीला गाडी न्या, हरित कर भरा. जुन्या गाडीचा धूर शेजाऱ्याच्या नाकात जातो, तो कर देताना कुरकुरू नये.

हातात जेवढे पैसे आहेत त्यातले निम्मेच खरेदीवर घाला. उरलेले निम्मे पहिल्या वर्षात गाडीच मागून घेते. ब्रेक, टायर, रेडिएटर, वायरिंग, पाटे, हूड. ज्याने सगळे पैसे खरेदीत ओतले त्याची जीप सोसायटीच्या पार्किंगमध्ये विटांवर उभी राहते आणि मग कमिटीची नोटीस येते.

जोंगाचं नाव काढलं की तरुण मुलांचे डोळे चमकतात. जबलपूरला निस्सानच्या परवान्यावर बनलेली दणकट गाडी आहे, वादच नाही. पण सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन पगारावर पोसता येत नाही. तिथलाच शक्तिमान ट्रक ठेवायला गावाकडे वाडगं हवं. अगदीच हात आखडता असेल तर लष्करातून निघालेली बुलेट बघा. कागदांचा नियम तोच. आणि हौसेपेक्षा फिरणं जास्त महत्त्वाचं असेल तर डिस्पोजलची जिप्सी घ्या. जुनी म्हणण्याइतकी जुनी नाही, पण तिचे भाग मिळतात, ती दुरुस्त करणारा तालुक्याच्या गावी सापडतो आणि पत्रा सोडला तर ती फारसा त्रास देत नाही.

मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, उंच नाकाची सीजे-३बी बघा. सैन्यातली मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर वनखात्याची, पाटबंधाऱ्याची, एखाद्या साखर कारखान्याची. त्या जीपाही धरणांच्या कच्च्या रस्त्यांवर आणि दुष्काळी कामांवर राबल्या आहेत, आणि त्यांच्या कागदावर जे खातं लिहिलंय त्याच खात्यात त्या खरोखर होत्या. क्रमांक आधी आरटीओत पडताळा, फॉर्म २९ आणि ३०वर विकणाऱ्याची सही समोर घ्या, पैसे त्याच्या खात्यावर द्या. आणि विमा आपल्या नावावर होईपर्यंत ती त्याच्याच आवारात उभी राहू द्या.