जितके काम, तितकी अक्षरे

लिलो या लिनक्सच्या जुन्या बूटलोडरइतका प्रामाणिक नोकर मिळणे नाही. संगणक सुरू होताना तो स्वतःच्याच नावाची चार अक्षरे, एल-आय-एल-ओ, पडद्यावर एकेक करून उमटवी. जितके काम झाले, तितकीच अक्षरे. ‘एलआय’वर थांबला, तर समजावे: दुसरा टप्पा डिस्कवरून उचलला, पण चालवता आला नाही. खुलासा नाही, दिलगिरी नाही. (पहिला सेक्टरच 512 बाइटचा, त्यात दिलगिरी मावणार कुठे?)

डिस्क मोठी आणि बायॉस जुना असला की अडणे हमखास. त्या बायॉसला 1024 सिलिंडरांपलीकडचे दिसत नसे, आणि कर्नल नेमका पलीकडे जाऊन बसलेला. दोष अर्थातच मोठी डिस्क घेणाऱ्याचा. त्याने सुरुवातीलाच बूटचे छोटेसे पार्टिशन पाडून कर्नलला साहेबांच्या नजरेसमोर बसवायला हवे होते.

2015 अखेर लिलोचा विकास थांबला. पद्धत मात्र वाया जाऊ नये. ती सरकारी कचेऱ्यांत तातडीने लागू करावी. अर्ज जिथवर सरकेल, तिथवरचीच अक्षरे पाटीवर. तहसील कार्यालयाच्या पाटीवर ‘तह’ एवढेच उमटले, तर अर्जदाराने तो मान्य करून घरी जावे.

अडचण एकच संभवते. बहुतेक पाट्या कोऱ्याच राहतील, मग रंगाचे टेंडर काढायचे कशासाठी?