बत्तिसांतला एक

नाना महापालिकेच्या कर खात्यातून निवृत्त झाले. महापालिका मात्र नानांमधून अजून निवृत्त झालेली नाही. सहकारनगरातल्या आमच्या दोन घरांमधली भिंत जेमतेम कमरेएवढी. तिच्यावर कोपर टेकून ते शहराचं अंदाजपत्रक रोज मंजूर-नामंजूर करत असतात. सभागृहात हजर असते मी एकटीच.

"कुठून स्वारी, वहिनी?"

"मंडईतून. स्वारगेटला मेट्रोत बसले, पुढच्याच स्टेशनाला उतरले."

"म्हणजे एका स्टेशनासाठी जमिनीखाली जाऊन आलात!"

"स्कूटर कुठे लावू त्यापेक्षा? गणपतीच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि इतर दिवशी चाक ठेवायला. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून माझं तरी बरं चाललंय. पण काय हो नाना, एवढं शहर बदललं, ती मंडई मात्र कशी दिमाखात उभी आहे! त्या काळातल्या लोकांना दृष्टी होती."

झालं. कोपर भिंतीवरून उठलं. नानांचं कोपर उठलं की समजायचं, आता चहा थंड होणार.

"दृष्टी कुणाला होती म्हणता? मंडईला नाव कुणाचं आहे?"

"महात्मा फुल्यांचं. शाळकरी पोरगंसुद्धा सांगेल."

"आणि मंडई बांधायच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध कुणी केला होता?"

मी गप्प. नानांना हे गप्प फार आवडतं.

"फुल्यांनीच! १८७६ पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा ओतण्यापेक्षा तो शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं. तरी १८८६ मध्ये मंडई उघडली. गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं, रे मार्केट. वरच्या मजल्यावर खुद्द नगरपालिकेची कचेरी. खाली वांगी, वर ठराव!"

"मग हे नाव?"

"ते पुढे आचार्य अत्र्यांनी नगरसेवक असताना लावून धरलं. ज्यानं नको म्हटलं, त्याचंच नाव दारावर. अत्र्यांना यातली गंमत कळली नसेल असं मला तरी वाटत नाही."

मला मात्र राहवेना. "पण नाना, फुल्यांना बाजारातलं काय कळत होतं असं कुणी म्हटलं असेलच की!"

"म्हणून बघावं कुणी! फुलं-भाजीपाला हा घरचाच धंदा. वर ते स्वतः बांधकामाचे कंत्राटदार. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला माल पुरवलेला माणूस. चुन्याचा भाव ठाऊक, कोथिंबिरीचाही ठाऊक. त्यांना इमारतीचा हिशेब कोण शिकवणार? त्यांचा सवाल होता, आधी काय?"

हे मला पटलं आणि नाहीही पटलं. मंडई होण्याआधी शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भाजीबाजार भरायचा म्हणतात. पुण्यातला पाऊस, तो चिखल, त्यात बसलेल्या बायका. डोक्यावर छप्पर आलं ते त्या बायकांच्याही कामाचं. मी तसं बोलूनही दाखवलं. "शाळा हवीच, पण ओट्यावर बसून विकणारीच्या पोराला शाळेत घालायला आधी तिची भाजी विकली जायला नको?"

नानांनी मान हलवली. ती होकाराची होती की पुढच्या मुद्द्याची तयारी, ते कळलं नाही.

"१८८० चं सांगतो. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते. स्वागताला हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. सभासद बत्तीस. एकतीस जण हो म्हणाले."

"आणि बत्तिसावे फुले."

"बरोबर. आणि गंमत बघा, त्यांना सभासद म्हणून नेमलं होतं सरकारनंच! ज्यानं नेमलं, त्याच्याच पाहुण्याच्या हारतुऱ्यांना नाही म्हणाले."

"तरी खर्च झालाच असणार. मंडईही झाली. मग नाही म्हणून उपयोग काय?"

नाना थांबले. इतकी वर्षं खात्यात काढलेल्या माणसाला हा प्रश्न कुठेतरी लागला असावा.

"उपयोग हा, की आज तुम्ही-मी त्याबद्दल बोलतोय. खर्चाला समोरासमोर कुणी नाही म्हटलं की त्याचं कारण तरी सांगावं लागतं. मार्च २०२२ मध्ये आपल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक बसला. पुढे किती काळ हे चाललं ते तुम्ही बघितलंच. स्थायी समिती तोच, सर्वसाधारण सभाही तोच. एका टेबलावरून फाईल निघायची, त्याच टेबलावर मंजूर व्हायची. तिथे बत्तिसावा आणायचा कुठून?"

"नगरसेवक असताना तरी काय मोठं होत होतं? फ्लेक्स वाढायचे."

"वाढायचे. पण निदान घरी जाऊन भांडता यायचं."

हे मात्र खरं. आमच्या गल्लीचं ड्रेनेज असंच एका नगरसेवकाच्या दारात पहाटे सहाला उभं राहून झालं होतं. प्रशासकाचं दार कुठे असतं, कुणाला ठाऊक?

"आता लक्ष्मी रस्त्याचं घ्या," मी म्हटलं. "२०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात. गाड्या बंद, माणसं रस्त्यावर. मला फार आवडतं. कायमच करावं."

"दुकानदाराला विचारा. माल उतरवायचा टेम्पो कुठून आणायचा?"

"तुळशीबागेत कधी टेम्पो गेलाय? तिथली दुकानं ओस पडलीत का?"

नाना एकदम निरुत्तर. हे क्वचित होतं, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवते.

तेवढ्यात आतून नानांच्या सौभाग्यवती बाहेर आल्या. माझ्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, "मेथी कशी दिली हो?"

"वीसला जुडी म्हणत होती. पंधराला आणली."

"बघा," त्या नानांकडे वळल्या, "याला म्हणतात खर्चाला विरोध. आणा हो वहिनी ती जुडी इकडे, यांना निवडायला बसवते. ठराव एकमतानं मंजूर."

"एकमतानं कसा?" नाना म्हणाले. "मी विरोधात आहे!"

"नोंद घेतली," त्या म्हणाल्या, आणि सूप आणायला आत गेल्या.