राजाजीनगरात तोफगोळा कसा ओळखावा

रणभूमीचे अवशेष गोळा करण्याचा छंद नव्याने जडलेल्या मराठी माणसाला बंगळूरच्या राजाजीनगरात एकच अडचण येते : इथे रणभूमी नाही. कॉर्नवॉलिसने 1791 च्या मार्चमध्ये टिपूकडून बंगळूर घेतले खरे, पण 7 तारखेला पेठ पडली आणि 21 च्या रात्री किल्ला, आणि हे सारे घडले आजच्या के. आर. मार्केटच्या आसपास. राजाजीनगर स्वातंत्र्यानंतर आखलेले. त्यात नावही कुणाचे, तर गांधीजींच्या व्याह्यांचे. खऱ्या छांदिष्टाने एवढ्याने खचू नये.

सुरुवात खड्ड्यापासून करावी. खड्ड्यांची इथे ददात नाही. कधी पाण्याची पाइप, कधी केबल, आणि हल्ली जुनी बैठी घरे पाडून चार मजले चढवायचे म्हणून जेसीबी. सकाळी दूध आणायला निघाल्यासारखे निघावे. हातात कापडी पिशवी असली की वॉचमन हटकत नाही, आणि पिशवी चांगली शिवलेली असेल तर तीत पाचेक किलो इतिहास मावतो.

पाडलेल्या घराच्या मलब्यात हमखास मिळतो तो दगडी गोळा. दगडी गोळे तोफेतून डागत असत हे खरेच आहे, त्यामुळे छाती धडधडणे साहजिक. तरी गोळा उलटासुलटा करून पाहावा. एक बाजू तळहातासारखी गुळगुळीत झिजलेली, आकार किंचित लांबुळका आणि वरच्या टोकाला दांडा बसवायची खोबण असेल, तर समजावे की याने इडलीच्या पिठाखेरीज कुणाचाही नायनाट केलेला नाही. तेवढ्यात फाटकातून आवाज येतोच : “सार, अदु नम्म अज्जी रुब्बो गुंडु!” अशा वेळी अज्जींच्या प्रकृतीची चौकशी करावी आणि रगडा जागच्या जागी ठेवावा.

लोखंडी गोळ्याचे प्रकरण अधिक नाजूक. हा भाग औद्योगिक उपनगर म्हणून वसला, त्यामुळे जमिनीत लोखंड पुष्कळ आणि त्यातले बहुतेक लेथखालचे. सहा पौंडी तोफगोळा साधारण नऊ सेंटिमीटर व्यासाचा आणि पावणेतीन किलोंचा भरतो. भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहावा (कोथिंबीर घ्यावी, म्हणजे तो काही म्हणत नाही). काटा 7.26 दाखवत असेल तर तो टिपूचा नव्हे, एखाद्या कॉलेजच्या क्रीडा विभागाचा. ओतीव गोळ्यावर साच्याच्या दोन अर्ध्यांची शिवण बहुधा दिसते. शिवण शोधण्यासाठी गंज खरवडू नये, आणि पितांबरी तर मुळीच लावू नये. चकाकणारा अवशेष पाहुण्यांना आवडतो, पुरातत्त्ववाल्यांना नाही.

वीतभर लोखंडी नळी मिळाली तर आत बोट घालून आटे आहेत का बघावे. असले तर ती प्लंबरची. म्हैसूरची रॉकेटे अशाच नळ्यांची असत; शिमोगा जिल्ह्यातल्या नगर गावी 2018 मध्ये एका पडक्या विहिरीतून अशी हजारावर रॉकेटे निघाली. त्यांत दारूचे अंश होते. म्हणून आटे नसतील तर बोट बाहेर काढावे, नळी ठोकू नये, आणि गॅसजवळ तर नेऊच नये.

एवढे झाले की पुण्याचा आतेभाऊ फोनवर विचारतो, “आपल्या परशुरामभाऊंचा असेल का रे?” नसेल. बंगळूर पडले तेव्हा परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडला वेढा घालून बसले होते आणि तो वेढा एप्रिलपर्यंत चालला. मराठी फौजा कॉर्नवॉलिसला भेटल्या त्या मेअखेरीस, तो श्रीरंगपट्टणाहून उपाशी सैन्य घेऊन परतत असताना. मराठी छावणीतल्या बाजाराने त्या सैन्याला जेवू घातले, आणि दरही तसेच चढे लावले. त्या मोहिमेतला मराठी अवशेष हवाच असेल तर गोळा सोडून वाण्याची वही शोधावी. आतेभावाला हे सांगून उपयोग नाही. गोळा भाऊंचाच, हे त्याने फोन करण्यापूर्वीच ठरवलेले असते.

कायद्याचे थोडक्यात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. जमिनीत काही मोलाचे सापडले तर डीसी ऑफिसला कळवावे लागते. किल्ल्याच्या आवारात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यास हे सर्व तिथले लोक समजावून सांगतील.

इतके करूनही हाती काही लागले नाही, तर चिकपेठेचा रविवार बाजार आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा रामदरबार छापलेला 1818 चा आणा दाखवला तर पुढे चालू लागावे. कंपनीने असला आणा कधी पाडलाच नाही. मुरलेला विक्रेता आधी गिऱ्हाईक कोणत्या भाषेत बोलते ते ऐकतो, मग डब्यात हात घालतो. तमिळ ऐकू आले की चोळ निघतात, कन्नड आले की हत्तीवाला टिपूचा पैसा, आणि मराठी आले की शिवराई. भाव तिघांनाही एकच सांगतो, आणि तिघेही तो निम्म्यावर आणतात.